घरासाठी लहान कॅरम बिलियर्ड्स टेबल: २.१० मीटर घ्यावं की २.३०, आणि ते सांभाळायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: खोली ५.४० बाय ४.३० मीटर. पूर्ण मापाचं टेबल मावत नाही. समोर दोन पर्याय आहेत, २.१० मीटरचं नवं कोरं पण एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) फळीचं, आणि २.३० मीटरचं जुनं पण स्लेटचं, म्हणजे पाटीच्या दगडाचं. कुठलं घ्यावं, आणि घरी आल्यावर त्याच्यामागे किती राबावं लागेल?

माझं मत सरळ आहे. जुनं, २.३० चं, स्लेटचं. मी स्वतः पहिल्यांदा उलटं केलं होतं. नवं, चकचकीत, फळीचं टेबल घेतलं आणि दमट हवेच्या एका हंगामात फळीने मधोमध पोट सोडलं. हळू मारलेला बॉल कुठूनही मारा, शेवटी मध्यभागाकडे वळायचा. ज्यांनी विकलं त्यांनी चार वेळा पाय वरखाली करून दिले, पण वाकलेली फळी पायांनी सरळ होत नाही. त्यानंतर घेतलेलं वापरलेलं स्लेटचं टेबल आजही घरी आहे आणि त्यावर जवळजवळ रोज खेळणं होतं.

कॅरम म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे सोंगट्या आणि स्ट्रायकर येतो त्यांच्यासाठी एवढंच: हा क्यूने, म्हणजे लांब काठीने, खेळायचा बिलियर्ड्सचा प्रकार आहे. टेबलाला पॉकेट नसतात, बॉल तीनच असतात, आणि आपला बॉल बाकीच्या दोघांना लागला की एक गुण.

आधी खोलीचं बघू, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. टेबल लहान केलं तरी क्यू लहान होत नाही. कॅरमचा क्यू साधारण १.४० मीटरचा. बॉल कुशनला, म्हणजे कडेच्या आतल्या रबरी पट्टीला, चिकटलेला असेल तर क्यूची अख्खी लांबी टेबलाबाहेर येते, वर हात मागे न्यायला जागा हवी. म्हणून चारही बाजूंना, कुशनच्या धारेपासून भिंतीपर्यंत, दीड मीटर धरायचा. या हिशोबाने पूर्ण मापाच्या २.८४ बाय १.४२ मीटरच्या टेबलाला ५.८४ बाय ४.४२ ची खोली लागते. २.५४ ला ५.५४ बाय ४.२७, २.३० ला ५.३० बाय ४.१५ आणि २.१० ला ५.१० बाय ४.०५. नीट पाहिलंत तर गंमत कळेल. २.८४ वरून २.१० वर आलात की खेळायची जागा ४५ टक्क्यांनी घटते, पण खोली वाचते फक्त वीस टक्के. तुमच्या खोलीत २.३० व्यवस्थित बसतं. २.१० घेऊन भिंतीकडे जास्तीचे पाच-दहा सेंटिमीटर मिळतील आणि त्यासाठी खेळाचा मोठा तुकडा सोडून द्यावा लागेल. २.५४ ला रुंदी जेमतेम पुरते आणि लांबीत चौदा सेंटिमीटर कमी पडतात. त्या दोन टोकांना कायम क्यूचं बूड भिंतीला आपटणार. भिंतीवर कपाट, खिडकीची चौकट, पडद्याची दांडी, दाराची मूठ असं काही पुढे आलेलं असेल तर मोजमाप तिथपासून धरा.

मापात एक फसगत होते. कोणी खेळायची जागा मोजून आकडा सांगतो, कोणी लाकडी कडेसकट बाहेरून बाहेर. फ्रान्समध्ये बाहेरून मोजायची रीत आहे. तिथे ३.१० म्हणतात ते पूर्ण मापाचं २.८४ चं टेबल, आणि २.८० म्हणतात ते २.५४ चं. तेव्हा विकणाऱ्याने '२.३०' म्हटलं की टेप घेऊन स्वतः मोजा, समोरासमोरच्या कुशनच्या धारेपासून धारेपर्यंत. लांबी रुंदीच्या बरोब्बर दुप्पट यायला हवी. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे नसतील तर टेबल काटकोनात नाही. लांबी-रुंदीचं हे प्रमाण बिघडलं की डायमंडवरून कोन काढायची कुठलीच पद्धत त्या टेबलावर लागू पडत नाही. डायमंड म्हणजे कडेवरच्या खुणा. त्या लांबीचे आठ आणि रुंदीचे चार सारखे भाग करतात. २.३० च्या टेबलावर दोन खुणांमध्ये २८.७५ सेंटिमीटर अंतर भरलं पाहिजे, तेही जाता जाता तपासून घ्या.

लहान टेबल म्हणजे खेळण्यातलं टेबल, असं अजिबात मानू नका. नेदरलँड्समध्ये २.३० च्या टेबलावर रीतसर स्पर्धा होतात, जर्मनीत २.१० चं टेबलही स्पर्धेत असतं, कोरियात २.५४ चं मधलं टेबल घरोघरच्या खेळाडूंच्या परिचयाचं आहे. बॉकलाइन हा प्रकार घ्या. यात खडूने टेबलाचे चौकोन पाडतात आणि एका चौकोनात ठरावीक गुणांच्या आत एखादा बॉल बाहेर काढावा लागतो. मोठ्या टेबलावर या प्रकारांची नावं ४७/२ आणि ७१/२ अशी आहेत. हे आकडे आले कुठून? १.४२ मीटर रुंदीचे तीन भाग केले की ४७ सेंटिमीटर, दोन केले की ७१. तिरक्या रेघेनंतरचे २ म्हणजे ते ठरावीक गुण. २.३० च्या टेबलाची रुंदी १.१५, म्हणून तिथे तेच प्रकार ३८/२ आणि ५७/२ होतात. २.१० वर ३५/२ आणि ५२/२. लहान टेबलासाठी खेळाने स्वतःची मापं नेमून ठेवली आहेत, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

कुठला प्रकार खेळणार यावरही निवड ठरते. तिन्ही बॉल जवळ जमवून सलग गुण काढायचा साधा खेळ, बॉकलाइन, एक-कुशन (शेवटच्या बॉलला लागण्याआधी आपला बॉल किमान एकदा कुशनला लागावा लागतो) हे सगळे २.३० वर उत्तम होतात. शिकायला तर लहान टेबलच बरं, कारण बॉल गोळा करायला जोर कमी लागतो आणि हात लवकर हलका होतो. तीन-कुशनचं, म्हणजे जिथे तीनदा कुशनला लागावं लागतं त्या प्रकाराचं, मात्र प्रामाणिकपणे सांगतो. कोन तेच राहतात, पण टेबलाच्या मानाने बॉल मोठा होतो. पूर्ण मापावर बॉल रुंदीच्या सव्वाचार टक्के असतो, २.३० वर सव्वापाच टक्क्यांच्या पुढे. त्यामुळे बॉलना अधेमधे एकमेकांची अडचण जास्त होते, आणि जे गुण लहान टेबलावर सहज लागतात ते मोठ्यावर लागतीलच असं नाही. तीन-कुशन हेच तुमचं ध्येय असेल तर घरी २.३० वर हात घडवा आणि अधूनमधून मोठ्या टेबलावर खेळत जा.

आता स्लेट. जागतिक संघटना यूएमबीच्या नियमात मोठ्या टेबलाला किमान ४५ मिलिमीटर जाड स्लेट सांगितली आहे. घरच्या लहान टेबलांत ती सहसा त्याहून पातळ असते. तीस मिलिमीटरच्या खाली मी जाणार नाही. पाटीचा दगड ओलाव्याने फुगत नाही, घासून काचेसारखा सपाट करता येतो, आणि त्याच्या वजनामुळेच बॉल कुशनवर आपटल्यावर टेबल थरथरत नाही. वजनाचा अंदाज स्वतः काढता येतो. घनमीटरमागे सुमारे पावणेतीन टन धरा. २.३० बाय १.१५, तीस मिलिमीटर जाड, म्हणजे नुसता दगडच जवळजवळ २२० किलो. कुशनखाली जाणारा भाग, सांगाडा, पाय वेगळे. खाली जमीन नसेल, वरचा मजला असेल, तर आणण्याआधी इमारतीचं काम जाणणाऱ्या इंजिनिअरला विचारा. हे वजन चार-सहा पायांवरच उतरतं, सगळ्या फरशीवर पसरत नाही.

पूल किंवा स्नूकरचं टेबल घेऊन पॉकेट बुजवायची कल्पना कोणी सुचवली तर ऐकू नका. भरलेल्या जागी सांधा राहतो आणि कोपऱ्यात बॉल सरळ परत येत नाही. शिवाय कुशनची उंची वेगळ्या बॉलसाठी बेतलेली असते. या उंचीबद्दल थोडं सविस्तर, कारण जुनं टेबल घेताना हीच तपासणी सगळे विसरतात. कॅरमचा बॉल ६१.५ मिलिमीटरचा, २०५ ते २२० ग्रॅमचा, आणि कुशनची धार बेडपासून, म्हणजे बॉल फिरतात त्या सपाट भागापासून, सुमारे ३७ मिलिमीटर उंच. म्हणजे धार बॉलच्या उंचीच्या साठ टक्क्यांवर लागते. त्यामुळे बॉल उडत नाही आणि दाबलाही जात नाही. पण कोरिया-जपानकडच्या चार बॉलच्या खेळात ६५.५ मिलिमीटरचे बॉल वापरतात, आणि २.५४ ची कित्येक टेबलं त्या बॉलसाठी बनलेली असतात. अशा टेबलावर ६१.५ चे बॉल ठेवले तर धार त्यांच्या मानाने उंच पडते, बॉल खाली चेपला जातो आणि कुशनवरून मंद येतो. उलट, कुशन ६१.५ साठी असेल आणि वर मोठे बॉल ठेवले तर जोराच्या फटक्याला ते उसळतात. उपाय सोपा आहे. धारेची उंची मोजा, तिला ०.६ ने भागा. जो आकडा येईल त्या मापाचे बॉल त्या टेबलाचे.

जुनं टेबल पाहायला जाताना तीन बॉल, एक टेप आणि चांगली पाणसळ बरोबर न्या. सुताराची पाणसळ ढोबळ असते. यंत्रं बसवताना वापरतात तशी मिळाली तर फारच छान. पण खरी परीक्षा बॉलच घेतो. अगदी हळू, समोरच्या कुशनपर्यंत कसाबसा पोचेल असा बॉल सोडा. जोराचा बॉल उतार लपवतो, शेवटच्या हातभर अंतरात मरगळलेला बॉल तो उघडा पाडतो. आधी इकडून तिकडे, मग तिकडून इकडे. दोन्ही वेळा एकाच भिंतीकडे झुकला तर टेबलाला त्या बाजूला उतार आहे, आणि तो पायांनी काढता येतो. मधोमध एकाच जागी वळण घेत असेल तर स्लेटच्या तुकड्यांचा सांधा वरखाली आहे. तोही दुरुस्त होतो, पण कापड काढावं लागतं. कधी इकडे, कधी तिकडे गेला तर बॉल बदलून पाहा, दोष बॉलचा असू शकतो.

मग कुशन. एकाच जोराने, सरळ, दर डायमंडवर बॉल मारत जा आणि कान उघडे ठेवा. जिवंत कुशनचा आवाज टणक आणि सगळीकडे सारखा येतो. एखाद्या ठिकाणी 'थप' असा बसका आवाज आला आणि बॉलही तिथून कमी परतला, तर दोन शक्यता. बोल्ट ढिला आहे, किंवा रबर कडेपासून सुटलं आहे. बोल्ट असेल तर पाच मिनिटांचं काम. रबर जुनं होऊन कडक पडलं असेल, अंगठ्याने दाबल्यावर दबतच नसेल किंवा कापडाखाली भेगा लागत असतील, तर सगळ्या कुशनचं रबर बदलायचा खर्च धरूनच बोलणी करा. तुमच्या टेबलाला कुशन चार असोत की लांबीची दुभागलेली असोत, बदलायचं तर सगळं एकदम. अर्धं नवं अर्धं जुनं रबर असलेल्या टेबलावर कोन कधीच शिकता येत नाहीत. आणि रबर कॅरमच्याच आकाराचं मागवा, पूलचं रबर इथे चालत नाही.

फाटकं कापड पाहून टेबल नाकारू नका. कापड तसंही बदलायचंच असतं. उलट नव्या कापडाची रक्कम भावातून वजा होते.

तिसरी गोष्ट हीटर. मोठ्या स्पर्धांत टेबल खालून गरम ठेवतात हे तुम्ही ऐकलं असेल. ती चैन नाही. कॅरमचं कापड लोकरीचं असतं, थोडं नायलॉन मिसळलेलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ शोषू शकते, तरी हाताला ओली लागत नाही. बॉलला मात्र ती लागते. टेबल जड होतं, बॉल कापडाला धरून चालतो आणि तिसऱ्या कुशननंतर अपेक्षेपेक्षा आखूड येतो. स्लेट खोलीपेक्षा काही अंश गरम असली की कापडाजवळची हवा कोरडी राहते. मी माझं टेबल खोलीपेक्षा पाच-सहा अंश वर ठेवतो. त्याहून जास्त गरम करायची गरज मला कधी पडली नाही. हाताला कोमट लागलं की पुरे.

सुरुवातीला मी वीज वाचवायला रोज रात्री हीटर बंद करायचो. दगड तापायला कित्येक तास घेतो, निवायलाही तितकेच. त्यामुळे खेळायला उभं राहिलं की टेबल नेहमी अर्धवट असायचं, एक कडा वेगळी, मध्य वेगळा. आता थर्मोस्टॅटवर मंद आणि सतत चालू असतं, आणि टेबल दर वेळी सारखं वागतं. लांब गावाला जाताना तेवढं बंद. तुम्ही घेताय त्यात हीटर नसेल तर स्लेटखाली नंतर बसवता येतो, पण अर्थिंगसकट आणि जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून. टेबलाखाली खोली तापवायचा हीटर ठेवणं धोक्याचं आहे. एमडीएफखाली तर कुठलीच उष्णता नको, फळी आणखी वाकते.

रोजच्या देखभालीला माझी दहा मिनिटं जातात. खेळून झाल्यावर मऊ ब्रशने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, एकाच दिशेने, गोल न फिरवता. चॉकची (क्यूच्या टोकाला लावतात त्या खडूची) भुकटी जास्त साठते ती कुशनखालच्या फटीत, म्हणून आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनर, कमी ओढीवर, फिरणारा ब्रश काढून. महिन्याभराने स्वच्छ सुती फडकं ओलं करून घट्ट पिळून हलक्या हाताने एकदा पुसून काढतो. हीटर चालू असतोच, थोड्याच वेळात सगळं कोरडं होतं. स्नूकरच्या कापडाला लव असते म्हणून त्याला इस्त्री करतात. कॅरमच्या कापडाला लव नसते, इस्त्री लागत नाही. हाताला पावडर लावून खेळायची सवय असेल तर ती सोडा आणि हातमोजा घाला. पावडर विणीत बसते आणि काही केल्या निघत नाही.

बॉल दर खेळाआधी कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. आठवड्याला कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घालून धुवा आणि लगेच कोरडे करा. हे काम उद्यावर ढकलू नका, त्यावरच खेळ अवलंबून आहे. बॉलवर चॉकचा ठिपका राहिला आणि नेमका तोच दुसऱ्या बॉलला लागला, तर दोघे क्षणभर एकमेकांना धरतात आणि अचूक फटकाही वाया जातो. चकाकीसाठी मेण किंवा सिलिकॉनचं पॉलिश लावू नका. दोन दिवस बॉल घसरतात आणि मग तो थर कापडावर उतरतो. बॉल फिनॉलिक रेझिनचेच घ्या. बेल्जियममध्ये बनणारे अ‍ॅरामिथ त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिन्हींच्या वजनात दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरही हे कळतं.

कापडावर पांढुरके ठिपके दिसले तर घाबरू नका. जोराच्या फटक्यात बॉल जागच्या जागी गरगरतो आणि घर्षणाच्या उष्णतेने धागे भाजतात. ते डाग निघत नाहीत, खेळही बिघडवत नाहीत. कापड कधी बदलायचं ते कॅलेंडर पाहून ठरवू नका. सुरुवातीचे बॉल ठेवायच्या जागी खळगे पडले, कुशनच्या धारेवर चकचकीत रेघ उमटली, बॉल स्पष्टपणे आखूड येऊ लागले, म्हणजे वेळ आली. बेड आणि कुशन दोन्हींचं एकदम बदला, टेबल पूर्ण कोरडं करून ताणा, आणि पहिल्यांदा तरी हे काम जाणत्याकडून करून घ्या. सिमोनिसचं ३०० रॅपिड हे कापड कॅरमसाठीच विणलेलं आहे. नव्या कापडावर बॉल घसरतात आणि लांब येतात, त्या दिवसांत आपला नेम चुकतोय असं वाटून फटका बदलू नका.

वर्षातून दोनदा पाणसळ लावून पाहा, विशेषतः हवा बदलल्यावर. टेबल नवीन जागी ठेवल्यावर पहिल्या महिन्यात पाय थोडे बसतात, तेव्हा एकदा जास्तच. बोल्ट आवळताना मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा, थोडं थोडं, सगळे सारखे. कडेवर कोणालाही बसू देऊ नका, पाहुण्यांनासुद्धा. झाकायला सुती चादर पुरते. गार टेबलावर प्लास्टिक घातलं तर आत ओल कोंडते. आणि खिडकीतून दुपारचं ऊन टेबलाच्या एका बाजूवर पडत असेल तर पडदा लावा.

व्यवहार पक्का करण्याआधी धारेपासून धारेपर्यंतची लांबी-रुंदी, दोन्ही कर्ण, कुशनच्या धारेची उंची आणि स्लेटची जाडी एवढे आकडे इथे लिहा. बेडची जाडी कडेखाली वाकून टॉर्चच्या उजेडात दिसते. आकडे पाहून मी लगेच सांगेन.